पंखाची आतली बाजू

सांगलीच्या वखारभागात आमच्या घराण्याची हळदीची एक जुनी वखार आहे. व्यापार वडिलांच्या हयातीतच संपला, पोती गेली, दिवाणजींची गादी गेली, तरी भिंतींतली आणि सागवानी तुळयांवरची हळद अजून गेलेली नाही. पावसाळ्यात ओल धरली की तिचा मातकट, उग्र वास पुन्हा जागा होतो. याच वखारीत २०१८ च्या दिवाळीनंतर एक लांबट लाकडी खोका येऊन पडला आणि तेव्हापासून मी आणि माझा भाचा तिथे दोन आसनांचे एक हलके विमान बांधत आहोत. ते अजून उडालेले नाही. मला त्याच्या उड्डाणाविषयी लिहायचे नाही. त्याच्या पोटात आणि पंखांत जे काम कायमचे झाकले जाते, त्याविषयी लिहायचे आहे.

किट म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर तयार तुकडे एकमेकांत अडकवण्याचा खेळ येतो. आमच्या खोक्यातून निघाले ते मापात कापलेले अॅल्युमिनियमचे पत्रे, साच्यावर वळवलेल्या पंखाच्या फासळ्या, दोन्ही पंखांचे मुख्य तुळवे, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारे कणे, काही वेल्डिंग केलेले लोखंडी भाग, पत्रे जोडणारे हजारो रिव्हेट आणि नकाशांची एक जाड चळत. इंजिन वेगळे घ्यायचे, रंग वेगळा, विजेच्या तारा आणि वेग, उंची दाखवणारी घड्याळे वेगळी. जोडणी, छिद्रे, कानस, गुण्या, ओळंबा हे सारे आपले. मी एका साखर कारखान्यात ३१ वर्षे फिटर म्हणून काढली असल्यामुळे हत्यारांची भीती नव्हती, पण कारखान्यातल्या लोखंडाला जी घाई चालते ती ०.४ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला चालत नाही, हे पहिल्या आठवड्यातच समजले. एवढा पत्रा निष्काळजी हाताने टेबलावर टेकवला तरी त्याला कायमची घडी पडते.

आम्ही निवडलेले विमान झेनिथ सीएच ७०१ या आराखड्याचे आहे. तो आराखडा ख्रिस हाइन्त्झ या अभियंत्याने १९८० च्या दशकात केला. याच माणसाने त्याआधी फ्रान्समध्ये काँकॉर्डवर काम केले होते, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानावर. आणि पुढे त्याने असे विमान रेखाटले की जे ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेग उतरला तरी हवेत तग धरून राहते. मला या प्रवासाचे फार अप्रूप वाटते. या विमानाच्या पंखाच्या पुढच्या धारेसमोर, थोडी फट ठेवून, एक अरुंद वक्र पट्टी कायमची बसवलेली असते. नाक वर करून विमान हळू उडू लागले की साध्या पंखाच्या पाठीवरचा वारा पृष्ठभाग सोडून विस्कटतो आणि पंखाचा आधार जातो. इथे मात्र त्या फटीतून जोराने येणारा वारा पाठीवरच्या थकलेल्या वाऱ्यात नवा दम भरतो, त्यामुळे तो पंखाला बराच काळ चिकटून राहतो. म्हणूनच याला लांबलचक धावपट्टी लागत नाही. कवलापूरच्या माळावर विमानतळाची जागा वर्षानुवर्षे तशीच पडून असलेली पाहत मोठ्या झालेल्या सांगलीकराला असे विमान आवडावे, यात नवल नाही.

सुरुवात सुकाणूपासून करायची असते. शेपटाचा हा उभा भाग लहान असतो, त्यात विमानाच्या बांधणीतली जवळजवळ प्रत्येक क्रिया एकदा तरी येते, आणि बिघडलाच तर नुकसान थोडक्यात आटोपते. आमचा बिघडला. रिव्हेटच्या छिद्राच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत त्याच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर असावे लागते; त्याहून कमी राहिले तर ताण आल्यावर रिव्हेट पत्र्याची कड फाडून बाहेर येऊ शकतो. मी एका फासळीला छिद्र पाडताना ड्रिल जरासे घसरले आणि ते अंतर कमी पडले. वरून पत्रा बसवला असता तर ते छिद्र कुणाला दिसले नसते. रिव्हेटही घट्ट बसला असता. कारखान्यात अशा वेळी आम्ही जोडाला शेजारी एक जास्तीचा बोल्ट मारून काम पुढे ढकलत असू, कारण हंगाम थांबत नसे. इथे मी ती फासळी बाजूला ठेवली, नवी मागवली आणि ती येईपर्यंत दीड महिना हात बांधून बसलो. ती जुनी फासळी वखारीच्या दारामागे खिळ्याला टांगलेली आहे. नव्याने कुणी हत्यार हातात घेतले की भाचा त्याला आधी तिच्यापुढे नेतो.

या कामातला सगळ्यात जास्त वेळ छिद्रे पाडण्यात किंवा रिव्हेट ठोकण्यात जात नाही, तो बर काढण्यात जातो. ड्रिल पत्र्यातून आरपार गेले की छिद्राच्या काठावर धातूची बारीक, धारदार किनार उभी राहते. तिलाच आम्ही फिटर लोक बर म्हणतो. दोन पत्र्यांमध्ये ती राहिली तर पत्रे एकमेकांना नीट भिडत नाहीत. म्हणून आधी छिद्रे पाडायची, क्लेको नावाच्या कमानीच्या पिना लावून पत्रे तात्पुरते बसवून पाहायचे, मग सगळे पुन्हा सोडवायचे, प्रत्येक छिद्राची आणि प्रत्येक कडेची बर दोन्ही बाजूंनी काढायची, गंज रोखणारा प्राइमर लावायचा, पुन्हा क्लेको लावायचे आणि मगच रिव्हेट मारायचे. एकच जोड दोनदा बांधायचा आणि एकदा मोडायचा, असा हा हिशोब आहे. पाहुणे आले की त्यांना वाटते, हे तर गेल्या महिन्यातही इथेच होते.

बर राहिली, कडेला खाच राहिली किंवा वळणावर ओरखडा राहिला, की ताण नेमका तिथे गोळा होतो. पंख उड्डाणागणिक थोडा वर वाकतो, थोडा खाली येतो, इंजिनाची थरथर तर अखंड चालूच असते; ओरखड्याच्या टोकाशी केसाएवढी भेग पडते आणि ती दर हेलकाव्यागणिक पुढे सरकते. १९५४ साली, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, कॉमेट जातीची दोन ब्रिटिश जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. फार्नबरो येथे शोध घेणाऱ्यांनी त्याच जातीचे एक विमान पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवले, त्याच्या पोटात पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा चढवून उतरवला, आणि अखेर त्याची काया एका झरोक्याच्या कोपऱ्यापासून चिरत गेली. धातूही थकतो, ही गोष्ट अभियंत्यांना त्याआधी ठाऊक होतीच, पण किती लहान जागेपासून तो थकायला लागतो याची धडकी सगळ्या जगाला त्या चाचणीने भरवली. आमचे विमान कॉमेटसारखे उंच जाणार नाही आणि त्यात हवेचा दाबही भरलेला नसेल. तरी हातात कानस घेऊन मी छिद्राच्या काठावरून बोट फिरवतो तेव्हा मला तो झरोक्याचा कोपरा आठवतो.

भाच्याने एकदा पत्र्यावर शिसपेन्सिलीने खुणा केल्या होत्या. आयटीआयमध्ये लोखंडावर तो तशाच करत आला होता. अॅल्युमिनियमवर मात्र पेन्सिलीची रेघ ओढायची नसते, कारण पेन्सिलीतले ग्राफाइट आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये ओलावा आला की एका बारीक बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात अॅल्युमिनियम झिजते. कृष्णाकाठच्या गावात ओलावा काही पाहुणा नव्हे. आम्ही दोघांनी एक अख्खी संध्याकाळ त्या रेघा पुसल्या आणि तेव्हापासून वखारीत पेन्सिल आणायची नाही, फक्त शाईचा मार्कर वापरायचा, असा नियम झाला.

हे सारे करताना मला वारंवार मिरजेची आठवण होते. लहानपणी वडील मला तंतुवाद्ये करणाऱ्यांच्या गल्लीत घेऊन जात. तंबोऱ्याचा भोपळा कोरून त्याची आतली बाजू साफ करण्यात कारागीर जो वेळ घालवत, तो पाहून मी विचारले होते की आतले कुणाला दिसणार. त्यांच्यातल्या एका वृद्धाने काहीच न बोलता भोपळ्यावर बोटाने टिचकी मारून दाखवली होती. ती घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात तलवारींची गरज ओसरू लागल्यावर त्यांनी पोलादावरचा हात लाकडावर आणि भोपळ्यावर वळवला, आणि आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. मला या गोष्टीचा मोठा आधार वाटतो. साखरेच्या चरकाचे अवजड रूळ मिनिटाला चार-पाच फेरे घेतात. तिथून मी मिनिटाला ५,८०० फेऱ्यांपर्यंत जाणाऱ्या रोटॅक्स इंजिनापाशी आलो. त्या इंजिनाच्या पुढे दातेरी चाकांची एक पेटी असते, ती हा वेग २.४३ पटींनी कमी करते आणि विमानाच्या नाकावरच्या पंख्याला मिनिटाला २,४०० फेऱ्यांच्या आत फिरवते, कारण त्याहून जोरात फिरवला तर पंख्याची टोके आवाजच जास्त करतात आणि ओढ कमी देतात. गिअरचे दाते मला जन्मभर कळले आहेत. इथे फक्त त्यांचा आकार तळहाताएवढा झाला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची रेषा ४५ फुटांवर आहे. त्या वेळी शेपटाचे भाग तयार होते आणि डाव्या पंखाचा सांगाडा टेबलावर उघडा होता. पाणी रस्त्यावर दिसू लागले तशी आम्ही हमालांना हाका मारल्या, पण हमालांना त्यांची स्वतःची घरे होती. मग मी, भाचा आणि समोरच्या दुकानातले काका अशा तिघांनी तो सांगाडा चादरीत गुंडाळला आणि पूर्वी हळदीची पोती चढवायला वापरत त्या कप्पीने तुळयांपर्यंत ओढून बांधून टाकला. पंखाचे वजन इतके कमी होते की दोरावर तो हेलकावत होता. पुढचे दिवस आम्ही विश्रामबागेत बहिणीकडे काढले. परतलो तेव्हा भिंतीवर कमरेच्या वर गाळाची रेघ होती, आणि पंख तुळईला तसाच, कोरडा, लटकत होता. मी आयुष्यात क्वचित रडलो आहे. त्या दिवशी भाच्यासमोर रडलो. गाळात बुडालेले कामाचे टेबल मात्र वाकले होते, आणि टेबल सपाट नसेल तर त्यावर बांधलेल्या पंखात पीळ येतो, म्हणून पाण्याच्या नळीने पातळी धरत ते पुन्हा उभे करण्यात आमची पुढची दिवाळी गेली.

आता मला या लेखातले सर्वांत महत्त्वाचे सांगायचे आहे. डावा पंख आम्ही बंद केला तो दिवस सणासारखा होता. वरचा शेवटचा पत्रा चढवला, क्लेको एकेक करून काढत रिव्हेट भरत गेलो, आणि संध्याकाळपर्यंत आतले सगळे जग कायमचे झाकले गेले. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, रात्री अडीचच्या सुमारास, मला जाग आली आणि आधाराचा दांडा जिथे पंखाला जोडायचा त्या आतल्या कोयंड्याचा एक बोल्ट डोळ्यांसमोर आला. प्रत्येक नट ठरलेल्या ताकदीने आवळून झाला की त्यावर आणि पत्र्यावर मिळून लाल लाखेची एक रेघ ओढायची असते. नट पुढे कधी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. त्या बोल्टवर रेघ ओढल्याचे मला आठवेना. नोंदवहीत त्या दिवशीचे पान होते, कोयंड्याचे छायाचित्रही होते, पण नेमका तो बोल्ट माझ्याच मनगटामागे झाकलेला होता.

मी चार दिवस कुणाला काही सांगितले नाही. बोल्ट आवळलेला असणार, याबद्दल मला स्वतःला शंभरातले पंच्याण्णव वेळा खात्री वाटत होती. पाचव्या दिवशी मी भाच्याला सांगितले आणि आम्ही रिव्हेट काढायला सुरुवात केली. लावलेला रिव्हेट काढणे हे लावण्यापेक्षा कितीतरी नाजूक काम आहे. डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल धरून ते फक्त डोक्याच्या खोलीएवढेच उतरवायचे, मग उरलेला देठ हलकेच खाली ठोकायचा, आणि मूळ छिद्र किंचितही मोठे होऊ द्यायचे नाही, कारण ते मोठे झाले की तिथे पुढच्या मापाचा जाड रिव्हेट घालावा लागतो आणि कडेपासूनचे अंतर पुन्हा मोजावे लागते. एका दिवसात चार वीत रांग सुटत असे. हात घालता येईल एवढे तोंड उघडले तेव्हा मी टॉर्च आत धरली. लाल रेघ होती, सरळ, न तुटलेली. बोल्ट व्यवस्थित होता.

भाच्याचा चेहरा उतरला. त्याचे दहा दिवस गेले होते. पण तो आज सगळ्यांना सांगतो, की मामांनी पंख उघडला त्या दिवशी आपण या विमानात बसायचे हे त्याने मनाशी पक्के केले. मला त्या दहा दिवसांचे कधीही दुःख झाले नाही. त्यानंतर प्रत्येक बोल्टची तीन बाजूंनी छायाचित्रे घेतल्याशिवाय आम्ही पत्रा चढवत नाही.

अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानांसाठी असा नियम आहे की बांधणीतला निम्म्याहून मोठा भाग हौशी माणसाने, शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी, स्वतः केलेला असला पाहिजे; त्याचा पुरावा म्हणून बांधणारे तारीखवार नोंदवही ठेवतात. आपल्याकडे वाट अधिक खडतर आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर, किट न घेता, स्वतःच्या आराखड्याने सहा आसनांचे विमान उभे केले. २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी पाहिले आणि २०१७ च्या अखेरीस त्याची नोंदणी झाली. त्यांच्या चिकाटीपुढे आमचे काम लहान आहे, पण कागदांची वाट पाहताना मला त्यांचा धीर येतो. आणखी एक गोष्ट मला धीर देते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानातून सुरू झाला. त्यानंतर चारच वर्षांनी अमेरिकेत राइट बंधूंनी सायकलचे दुकान थाटले. एका दुकानातून पुढे लोखंडी नांगर आणि आमच्या जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी निघाली, दुसऱ्यातून १७ डिसेंबर १९०३ चे बारा सेकंदांचे पहिले उड्डाण निघाले. साखळी, तिची दातेरी चाके आणि चाकाचा तोल हे दोघांच्याही हातात एकाच काळात होते.

विमान पूर्ण झाले की त्याचे वजन तीन चाकांखाली तीन काटे ठेवून घ्यायचे असते. तिन्ही आकडे आणि ठरवलेल्या रेषेपासून चाकांची अंतरे यांचे गुणाकार करून, त्यांच्या बेरजेला एकूण वजनाने भागून गुरुत्वमध्य काढतात. तो ठरलेल्या हद्दीच्या फार मागे गेला तर विमान हवेत नाक खाली आणू शकत नाही. मार्केट यार्डातल्या एका अडत्याने वैधमापन विभागाचा शिक्का असलेले तीन काटे एका रविवारी द्यायचे कबूल केले आहे. हळद ज्यावर तोलली जाते त्याच काट्यांवर विमान तोलले जाणार, याचा वडिलांना फार आनंद झाला असता.

उजवा पंख गेल्या महिन्यात बंद करण्याइतपत झाला. आई आता पंच्याऐंशीची आहे, तिला दिसते कमी, पण बोटे अजून सुईच्या नाकात दोरा ओवतात. आमच्या घरातल्या साऱ्या गोधड्या तिच्याच हातच्या. पत्रा चढवायच्या आधी मी तिला वखारीत आणले, स्टुलावर बसवले आणि पंखाच्या उघड्या पोटात हात घालून बघ म्हणालो. तिने फासळ्या मोजल्यासारखा हात फिरवला, रिव्हेटच्या रांगेवरून बोटे नेली आणि म्हणाली, “टाका सरळ हाय रं.” मग मागच्या तुळव्यापाशी तिचा हात थांबला. तारा जाण्यासाठी पाडलेल्या छिद्राच्या काठावरून तिने बोट एकदा फिरवले, पुन्हा फिरवले.

“हितं बोटाला लागतंय बघ,” ती म्हणाली.

मी टॉर्च आणली. मला काहीच दिसले नाही. भाच्याने भिंग धरले, तेव्हा काठाच्या खालच्या अंगाला गव्हाच्या कुसाएवढी बर उभी होती. आईचा हात मी बाहेर काढला, तिच्या बोटाला रक्त आले नाही ना ते पाहिले, आणि भाच्याने न सांगता माझ्या हातात बारीक गोल कानस दिली.